मालनबाईंनी फिरवलेली किल्ली

सर्जापूर रोडवर मुलाचा फ्लॅट, आणि त्याची किल्ली मालनबाईंच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला. गवीपुरमच्या त्यांच्या गल्लीत अशी एक बाई उरली नव्हती, जिला ही किल्ली दाखवून झाली नव्हती. म्हशीलाही दाखवली असती. पण गल्लीतली शेवटची म्हैस केव्हाच गेली. "लेकाच्या घरात शिरायला कुणाला विचारायचं?" हे त्या इतक्यांदा म्हणत, की ऐकणारे पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकत.

मागच्या खेपेला त्या अशाच न सांगता शिरल्या, तेव्हा सून शाल्मली लॅपटॉपवर परदेशातल्या साहेबांशी बोलत होती. मालनबाईंनी तिच्या मागे उभं राहून खिम्याचा डबा उघडला. त्या वासाने म्हणे तिकडे साहेबाला ठसका लागला, आणि मीटिंग सोडून तो मसाला विचारत बसला. हे मालनबाईंचं सांगणं. शाल्मली पुण्याची; तिला जे सांगायचं होतं ते तिने बेडरूमचं दार लावून नवऱ्याला, अभिराजला सांगितलं.

मग एक दिवस अभिराजचाच फोन आला. "आई, आमच्या दोन्ही किल्ल्या शाल्मलीच्या पर्समध्ये होत्या आणि पर्स ऑफिसच्या कॅबमध्ये राहिली. नशीब, मी घरात होतो, म्हणून दार तरी उघडं आहे. कुलूप बदलून घ्यायला हवं. कुलूपवाला म्हणतो, चालणारी किल्ली असेल तर दाराची मूठ अलगद निघते, नाहीतर फोडावी लागेल. तुझी घेऊन येशील?"

"बघ! शेवटी माझीच लागली की नाही?"

दोन बसा बदलून त्या पोचल्या. सिल्क बोर्डाच्या चौकातली गर्दी किल्ली पाहून यमुनेसारखी दुभंगली, असं त्यांनी दारातूनच जाहीर केलं. दार मिटलं की आपोआप कुलूप लागे, म्हणून फटीत अभिराजचा बूट अडकवलेला होता. शेजारी कुलूपवाले कृष्णाजी मांडी घालून बसले होते.

"अक्का, स्वल्प, जरा इकडे या. किल्ली घाला, पाव फिरवा आणि तशीच धरा. सोडू नका हं."

"अण्णा, मी धरलेली वस्तू सुटत नसते."

कृष्णाजींनी मुठीच्या मानेवरच्या बारीक भोकात टाचणी दाबली आणि मूठ ओढली. ती मुकाट्याने हातात आली. मागच्या बाजूने त्यांनी कुलपाचा गाभा काढला, त्यातल्या कणभर पितळी पिना वर्तमानपत्रावर झटकल्या आणि नव्या किल्लीच्या मापाच्या दुसऱ्या भरल्या.

"म्हणजे जुन्या किल्लीने आता उघडणार नाही?"

"ती आता नुसतं पितळ, अक्का."

"झकास! ज्याला ती पर्स सापडली, त्या मेल्याला बसू दे फिरवत." मालनबाई खूश होत्या. घर राखायच्या कामात त्यांचा हात लागला होता.

मूठ पुन्हा बसली. कृष्णाजींनी नव्या किल्ल्या अभिराजला दिल्या, मालनबाईंची जुनी मालनबाईंना, आणि सहज विचारलं, "अक्कांसाठी एक जादा बनवू?"

अभिराज बूट उचलून त्याची नाडी बघू लागला.

"आई, राग मानू नका," शाल्मली म्हणाली. "पण येण्याआधी फोन करत जा ना, प्लीज. माझे कॉल्स असतात."

"मी खाली येईन तुला घ्यायला," अभिराज बुटाकडे बघत म्हणाला.

"सरी," मालनबाई म्हणाल्या. हा कानडी 'बरं' उच्चारून त्यांनी आजवर बरीच भांडणं जिंकली होती. आज तो म्हणून त्यांनी जुनी किल्ली पुन्हा गळ्यात घातली.

कॉफी नको म्हणून त्या निघाल्या. मागे दार मिटलं, खट्ट झालं. लिफ्टचं बटण दिसेना, तेव्हा कळलं की चष्मा आतच राहिलाय. त्या परतल्या, आणि हाताने सवयीने जुनी किल्ली दारात घातली. ती शेवटपर्यंत आत गेली, पण फिरली नाही. त्यांनी जोर केला. मग किल्ली काढून घेतली, पदराने मूठ पुसली आणि बेल दाबली.

"कौन?" आतून शाल्मलीने हिंदीत विचारलं.

आई आहे म्हणावं, तर आईने फोन करून यायचं होतं.

"डिलिव्हरी," मालनबाई म्हणाल्या.

दार लगेच उघडलं.