डावीकडे अर्धा इंच जास्त

ऑपरेशनला अकरा दिवस होते. उजव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे असं सांगून डॉक्टरीणबाईंनी स्तन काढायची तारीख दिली आणि वर म्हणाल्या, "तोवर नेहमीसारख्या राहा." बहात्तराव्या वर्षी नेहमीसारखं म्हणजे काय, तर उठायचं, गुडघ्यांना शिव्या द्यायच्या आणि शिलाई मशीन पुसायचं. शिवण सुटून सहा वर्षं झाली, पुसणं सुटलं नाही.

पुतणी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट माझ्याकडे येई. मला मूलबाळ नाही. नवरा गेला, दीर-जाऊ तर कधीच गेले. माझं म्हणायला ती एकटीच. ऑपरेशनच्या दिवशी सोबत तीच राहणार होती.

"एका बाजूचं कापड वाचेल आता," मी म्हणाले.

"काकू, जीभही कापायला सांगू का? एकाच भुलीत उरकेल."

आम्ही हसलो. मग मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "तू पण एकदा तपासून घे. पन्नाशीला आलीस. तुझ्या आईला होतं."

तिनं पिशवीतली औषधं मोजून डबीत भरली. "आईचं काय झालं? चांगली हिंडतीफिरती बाई महिन्यात गेली. यायचं ते असं अचानक येतं. तपासून फक्त झोप उडते."

हे ती चाळीस वर्षं म्हणत आली आहे. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

तेव्हा मी बाजारातल्या एका शिंप्याच्या दुकानात कामाला होते. बायकांची मापं मी घ्यायची, कापायचे मास्तर. मास्तरांची शिकवण एकच : गिऱ्हाइकाच्या अंगातला दोष कापडात जिरवायचा, तोंडातून काढायचा नाही. एक खांदा उतरता असला तर आतून पट्टी द्यायची. पोक असलं तर पाठीला कापड सोडायचं. बाई आरशासमोरून ताठ मानेनं जायला हवी. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याची मला घमेंड होती.

जाऊबाई, म्हणजे पुतणीची आई, शाळेत विज्ञान शिकवायच्या. दरवर्षी एक पांढरा कोट माझ्याकडून शिवून घ्यायच्या. त्या वर्षी टेप लावली तर डावीकडे अर्धा इंच जास्त.

"छातीवरचं बटण ओढतंय गं," त्या म्हणाल्या.

"अंगानं भरलात, जाऊबाई."

"तुझ्या भाऊजींच्या हातचं जेवून कुणी भरतं का? वाळायला होतं!"

मी डावीकडे अर्धा इंच सोडला. पुढच्या वर्षी पाऊण इंच झाला. पातळ बनियनमधून स्तनाचं बोंड आत ओढलेलं दिसलं, त्याच्याशेजारची कातडी संत्र्याच्या सालीसारखी. मी पाहिलं. छातीच्या आकारासाठी घालतात त्या चुण्या, टक्स, सरकवले, आतून जाड अस्तर लावलं. कोट असा बसला की जाऊबाई आरशात वळून वळून बघत राहिल्या. "सोन्याचा हात आहे तुझा," म्हणाल्या. सहा महिन्यांनी दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे गेल्या, आणि महिन्यात संपल्या. पुतणी दहा वर्षांची होती. सगळे म्हणाले, अचानक. मीही म्हणाले.

आता सांगितलं तर पोरगी तुटणार. नाही सांगितलं तर ती त्या 'अचानक'वर विसंबून बसणार. तीन संध्याकाळी मी शब्द गिळून टाकले. चौथ्या दिवशी ती पाण्याचा पेला घेऊन आली, तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. अर्धा इंच, पाऊण इंच, बोंड, अस्तर.

"म्हणजे दोन वर्षं होती ती गाठ?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"गाठ आहे हे नव्हतं माहीत. काहीतरी आहे हे कळलं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

खरं उत्तर एकच होतं. "कोट छान बसला होता गं."

तिनं पेला माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. पर्स उचलली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला.

पाच दिवस ती आली नाही. मी औषधं स्वतः घेतली, एकदा चुकून दोनदा घेतली. आंघोळीच्या वेळी गाठीवर बोट ठेवून बघायची. गाठीला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आपली ती तिथं बसलेली. रडू आलं ते मात्र जाऊबाईंसाठी नाही, स्वतःसाठी आलं. खोटं कशाला सांगू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोन आला.

"तपासणीची वेळ घेतली आहे. उद्या सकाळी नऊची."

नऊलाच मला आत नेणार होते.

"बरं झालं," मी म्हणाले.

"मला यायला जमणार नाही. तुम्ही खालच्या मजल्यावरच्या बाईंना घेऊन जा." जन्मात पहिल्यांदा तिनं मला 'तुम्ही' म्हटलं.

"जाते. तू मात्र जा हं."

"जाणार आहे म्हटलं ना."

फोन लगेच ठेवला नाही तिनं. तिच्या ऑफिसातली माणसं बोलताना ऐकू येत होती. दुसऱ्या एखाद्या दिवसाची वेळ मिळत होती का, हे मी विचारलं नाही. मग तिनं फोन ठेवला, आणि मी खालच्या बाईंचं दार वाजवायला जिना उतरू लागले.