गायबची आई

“भिशीचा पहिला नंबर माझा! ईद झाली की पोरीचं लग्न आणि घरात फ्रिजचा पत्ता नाही,” विदादने मशीन थांबवून सुनावलं. “उम्म गायबला कसली घाई? सोळा वर्षं गायब आहे तिचा, आणखी वर्षभर राहील!”

इजिप्तमधल्या टांटा शहरातल्या त्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दोघीतिघी फिस्सकन हसल्या. इन्साफ मान खाली घालून कॉलर उलटवत राहिली.

उम्म गायब म्हणजे न आलेल्याची आई. इथे बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. जिची कूस उजवली नाही तिला अशी. कुणी मायेने म्हणतं, कुणी टोचायला, शब्द तोच. इन्साफला त्याची इतकी सवय झाली होती, की नवऱ्याने, रजबने, खरं नाव घेतलं की काहीतरी बिनसलंय असंच तिला वाटे.

भिशी हज करून आलेल्या, सगळ्यांत वयस्क हज्जा फौकियाची. वीस बायका, वीस महिने, आणि नंबर ठरवणार हज्जा.

“हज्जा, एकेचाळिसावं लागलंय मला,” इन्साफ म्हणाली. “दोन खेपांत बांगड्या गेल्या, ह्यांची मोटारसायकल गेली. टेस्ट ट्यूबचा हा शेवटचा प्रयत्न, म्हणाले डॉक्टर. वर्षभराने पैसे हातात पडून काय करू? लोणचं घालू?”

हज्जेने चष्मा पुसला. “फ्रिज थांबतो, विदाद. वय नाही थांबत.” आणि वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं, उम्म गायब. मधले नंबर आधीच वाटून झाले होते. विदादला नववा आला. पोरीचं लग्न पुढे गेलं.

रोज ठरल्या वेळी रजब तिला इंजेक्शनची सुई टोचायचा आणि टोचताना स्वतःच डोळे मिटून घ्यायचा.

“अहो, बघून टोचा! कुठे जाईल ती?”

“तूच बघ बाई. माझ्याच्याने होत नाही,” तो म्हणायचा, आणि दोघं पोट धरून हसायची. फार वर्षांनी त्या घरात असं हसू आलं होतं.

गर्भ पोटात सोडल्यावर चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. कुणी मेलं असतं तर चार बायका काळे कपडे घालून रडायला आल्या असत्या. जो आलाच नाही त्याच्यासाठी कोण येणार? विदादकडे बघायचं तिला धाडसच होईना. हिच्या पोरीचं लग्न आपल्यापायी अडलं, आणि हाती काय आलं? आता ही बोलणार. विदाद उठली, इन्साफच्या पुढ्यातला अर्धा गठ्ठा उचलून आपल्या मशीनवर घेऊन गेली.

हप्ते मात्र एकोणीस उरले होते. इन्साफने एकही चुकवला नाही. मांस महिन्यातून एकदा, तेही कधीमधी. नवव्या महिन्यात विदादचा फ्रिज आला, आणि लग्नात इन्साफ पाय दुखेपर्यंत नाचली.

शेवटचा हप्ता घेऊन हज्जेने वहीचं नवं पान उलटलं. “नव्या भिशीत आहेस ना, उम्म गायब?”

“आहे की. शेवटचा नंबर द्या, मला घाई नाही. आणि हज्जा, नाव इन्साफ लिहा.”

विदादची मशीन थांबली. हज्जेने वर पाहिलं. “कुणी काही बोललं का तुला?”

“छे हो. तो आता येत नाही, एवढंच. उगीच रोज हाका कशाला मारायच्या?”

हज्जेने पेन टेकवलं आणि अडली. अरबीत स दोन, आणि इतक्या वर्षांत हे नाव तिने कधी लिहिलंच नव्हतं.

“त्यातला स कुठला गं? सीन, का साद?”

“साद,” इन्साफ म्हणाली, आणि हज्जेचं लिहून होईपर्यंत वहीकडे बघत उभी राहिली.