खोडातली भोकं

विठ्ठलवाडीच्या आसपासच्या वाड्या एकेक करून इमारतींखाली गेल्या होत्या. गोदाची आंब्याची वाडी तेवढी उरली होती. तिथले दोन-तीन आंबे भर हंगामात वाळू लागले, म्हणून ती दुपारी बघायला गेली. बुंध्यांना बोटभर भोकं पाडलेली होती आणि त्यांतून ॲसिडचा उग्र वास येत होता. तेवढ्यात पलीकडे ड्रिलची घरघर सुरू झाली. गोदा झाडाआडून वाकून बघते, तर ड्रिल धरून तिचाच मुलगा, कमलेश!

"कमल्या, तू?"

तो दचकला, पण हात थांबला नाही. "आये, तू घरा जा. जित्ती झाडं तोडाया परवानगी लागते, आपसूक मेली का कोन काय इचारत नाय. बिल्डर घाई करतंय."

"बंद कर ते!" म्हणत तिनं हात ड्रिलच्या पुढ्यात खोडावर ठेवला. कमलेशची नजर तिला परक्या माणसाची वाटली. ड्रिल क्षणभर तसंच फिरत राहिलं. मग त्यानं ते बंद केलं आणि काखेत मारून तो निघून गेला.

बाकीची झाडं वाचली. गोदा मात्र त्या दिवसापासून कमलेश घरात असला की खोलीला आतून कडी लावून निजू लागली.