मागे लावलेलं गाणं

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण मास्तरीणबाईंचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू जायचा. मास्तर मशीनवर मान खाली घालून शिवत बसायचे. गिऱ्हाइकांशी बोलायचं, कपडा तयार नसला की थापा मारायच्या, पोट सुटलेल्याला "माप वाढलंय, कापड नाही वाढलं" असं तोंडावर सुनवायचं, हे सगळं बाईंकडे. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. मास्तरांच्या तोंडून मात्र दिवसभरात एकच वाक्य निघायचं. गिऱ्हाइकाला "तुम्ही म्हणाल तसं" आणि बायकोला "तू म्हणशील तसं". बाई वैतागायच्या. "अहो, बत्तीस वर्षं झाली, कधीतरी स्वतःचं काही बोला की! मी काय भिंतीशी संसार केला?" त्यावर मास्तर काय म्हणायचे, ते वेगळं सांगायला नको.

अशा माणसाला साठीला टेकल्यावर व्हिडिओचा नाद लागावा याचं सगळ्यांना नवल वाटलं. लेकीने नवा फोन दिला होता. मास्तरांनी एकदा सहज, कॉलर पलटवताना स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकून दिला. कोण कुठली चारशे माणसं तो बघून गेली. एकाने खाली लिहिलं, 'हात सोन्याचे.' झालं, मास्तर कामातून गेले! फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा करायचा, खिडकीचा उजेड हातावर घ्यायचा, मागे फुकट मिळणारं कसलं तरी संगीत जोडायचं, असं रोज सुरू झालं.

संध्याकाळी दुकान झाडलं की ते फोनही झाडायचे. व्हिडिओ वर चढला की मूळचं सगळं पुसून टाकायचं. फोनमध्ये जागा कमी, हे एक झालं. पण खरं कारण म्हणजे जन्माची सवय. कपडा शिवून झाल्यावर कोणी चिंध्या जपून ठेवतं का?

मग बाईंचा घसा बसला, तो सुटेचना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला आठ दिवस होते.

लेक दूरच्या गावी, सातवा महिना लागलेला. बाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उद्या माझा व्हिडिओ काढा. बाळाला आजीचा आवाज ठाऊक नको?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खुर्ची खिडकीपाशी ठेवली, फोन रिळांना टेकवला. बाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या आणि बोलायच्या ऐवजी नुसत्या बघत राहिल्या. "तुम्ही बाहेर थांबा. तुमच्यासमोर नाही जमायचं मला." बत्तीस वर्षं ज्या नवऱ्यासमोर तोंड मिटलं नाही, त्याच्यासमोर! "आणि ते मागे गाणं-बिणं लावू नका. साधंच असू द्या."

"तू म्हणशील तसं," मास्तर म्हणाले आणि पायरीवर जाऊन बसले. दाराआडून बसका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. अकरा मिनिटांनी बाईंनी दार उघडलं. डोळे लाल होते.

मास्तरांनी तो व्हिडिओ दुकानात बसून नीट केला, पण आवाज बंद ठेवून. आत्ताच ऐकला तर तिचा आवाज आजच गेल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं. नंतर दोघं निवांत बसून ऐकू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. कापड बेतावं तसं नुसतं नजरेने पुढचं-मागचं कापलं. पण मग तो त्यांना बिनअस्तराच्या कोटासारखा वाटायला लागला. एवढी मोठी गोष्ट आणि इतकी उघडीबोडकी? फुकटचं संगीत इथे शोभलं नसतं. लग्नानंतरच्या वर्षी दुकानातल्या रेडिओवर दोघांनी मिळून ऐकलेलं एक गाणं होतं, ते त्यांनी मागे लावलं. बायकोचं म्हणणं मास्तरांनी जन्मात एकदाच मोडलं, ते असं.

बाहेरच्या कोणाला दिसणार नाही अशा बेताने त्यांनी व्हिडिओ वर चढवला आणि त्याची लिंक लेकीला पाठवली. तिचा निरोप आला, 'आत्ता नाही ऐकवणार माझ्याच्याने. बाळ आलं की त्याच्याबरोबरच ऐकेन.' त्या संध्याकाळी मास्तरांनी नेहमीप्रमाणे फोन झाडला.

ऑपरेशनच्या दिवशी फोनवर एक लांबलचक सूचना आली. मास्तर दवाखान्याच्या बाकावर होते. त्यांनी ती न वाचताच बाजूला सारली.

बाई घरी आल्या. गळ्याला श्वासासाठी भोक, हातात वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. भोकावर बांधायला मास्तरांनी मऊ कापडाची, नाडीची फडकी शिवली, एक-दोन नाही, डझनभर. आणि जित्याची खोड, ते शिवतानाचा व्हिडिओही काढला. अशा आणखी कोणाला उपयोगी पडेल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

दोन महिन्यांनी नात झाली. आठवड्याने लेकीचा फोन आला. "बाबा, आईचा व्हिडिओ लावला होता. तिचे ओठ हलतायत, पण आवाजच नाहीये. तुमच्याकडे येतोय का?"

त्यांच्याकडेही येत नव्हता.

ते तसेच फोन दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने जुनी सूचना उघडून वाचली. "मास्तर, मागे जे गाणं लावलंय ना, त्याच्या मालकाने हक्क सांगितलाय. म्हणून व्हिडिओच्या कंपनीने सगळाच आवाज बंद केलाय. गाण्याचाही आणि वहिनींचाही. पण घाबरता कशाला? मूळ व्हिडिओ द्या, बिनगाण्याचा परत चढवू. दोन मिनिटांचं काम."

"पुसला."

त्याने मान वर केली. "त्यानंतर या फोनवर काही शूट केलंत? नवं काढलं की ते पुसलेल्याच्या जागेवर बसतं."

मास्तरांनी फडक्यांचा व्हिडिओ दाखवला.

त्याने दोन तास खटपट केली. हाताला लागला तो एका कॉलरचा अर्धा फोटो. कंपनीकडे तक्रार पाठवली, तिलाही चार दिवसांनी नकार आला. पाचव्या दिवशी सकाळी ते बाईंसमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. इतकं सलग ते जन्मात कधी बोलले नव्हते.

बाईंनी फोन मागून घेतला. व्हिडिओ लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पडद्यावरची बाई हसत होती, बोट नाचवत होती, मध्येच डोळे पुसत होती. शेवटच्या मिनिटात तिने खुर्ची पुढे ओढली आणि थेट समोर बघून काहीतरी म्हटलं. मास्तरांनी हे पूर्वीही पाहिलं होतं, पण तेव्हा त्यांचं लक्ष खिडकीच्या उजेडाकडे होतं.

बाईंनी वही ओढली. 'गाणं नको म्हटलं होतं.'

"हो. चुकलं माझं."

त्यांनी पान उलटलं. मग त्यांनी लिहिलं, 'शेवटचं बाळासाठी नव्हतं. तुमच्यासाठी होतं. तेवढं ऐकलंत ना, गाणं लावायच्या आधी?'

नाही म्हणण्याची ताकद मास्तरांच्या अंगात उरली नव्हती. एकाच दिवसात या बाईकडून आणखी किती काढून घ्यायचं?

"ऐकलं," ते म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. आवाज गेल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी घाईघाईने लिहिलं आणि वही मास्तरांपुढे धरली. 'मग?'

म्हणजे काहीतरी विचारलं होतं. तीन महिने ती उत्तराची वाट बघत होती, आणि त्यांना प्रश्नच माहीत नव्हता. मास्तरांनी वहीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि त्यातून जे बत्तीस वर्षं निघत आलं तेच निघालं.

"तू म्हणशील तसं."

बाईंचा उजळलेला चेहरा विझला. मग त्यांनी पेन्सिलीला दोरा गुंडाळला आणि वही मिटली. दुपारी त्यांनी ती पुन्हा उघडली आणि लिहिलं, 'दूध संपलंय.' मास्तर पिशवी घेऊन दूध आणायला गेले.