धक्क्यावरची जागा

यलोनाइफहून निघाल्यापासून आई स्वस्थ बसली नव्हती. खिडकी उघड, बंद कर, गाडी थांबव, चल. मॅकेन्झी नदीवरचा जुना धक्का तिला एकदा बघायचा होता. तिचा जन्म तिथला. माझे आजोबा तिथं आगबोटींसाठी लाकडं तोडून रचून ठेवायचे. वणव्याच्या धुरानं रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता, म्हणून माझा भाऊ आल्फोन्स वाटभर मागं फिरूया म्हणत होता. शेवटी आई म्हणाली, "तू फीर. मला इथंच उतरव."

धक्क्यावर कुणी नव्हतं. एक सरकारी फलक, एक बाक आणि खाली नदी. आई काठाकाठानं भिरभिरू लागली. इथं आमची झोपडी, म्हणायची. लगेच, छे, पलीकडे. तिच्या आईची कबर एका बर्चच्या झाडाखाली होती. ते झाड काही सापडेना.

तेवढ्यात मासे घेऊन एक माणूस होडीतून काठाला लागला. मोडेस्ट त्याचं नाव, साठीचा असेल. आजोबांचं नाव ऐकताच त्यानं टोपी काढली. तो काठ केव्हाच ढासळला, म्हणाला. झाड, कबर, सगळं नदीनं नेलं.

त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं, तशी आई थेट होडीत जाऊन बसली. मीही चढले. त्या जागी मोडेस्टनं इंजिन बंद केलं की होडी खाली वाहत जायची. तो पुन्हा वर आणायचा, ती पुन्हा वाहायची.

"जरा धर ना रे," आई म्हणाली.

"धरवत नाही, ताई. ओढ फार आहे."

शेवटी वाहत्या होडीतूनच तिनं, आमच्याकडे गेलेल्यांना वाहतात तशी, चिमूटभर तंबाखू पाण्याला वाहिली.

गाडीत बसल्यावर आई तंबाखूची पुडी चुरगाळत राहिली. मग म्हणाली, "मी जागा बघायला आले होते. माझ्यासाठी. आईच्या शेजारी."

आल्फोन्सनं किल्ली फिरवलीच नाही. त्यानं हळूच विचारलं, "मग आता कुठं, आई?"

"मला काय माहीत? तू गाडी तर काढ."

फाट्यावर आलो तर घर डावीकडे. आईनं उजवीकडे हात केला. तिकडे कुठल्याशा वस्तीत तिची मावसबहीण राहायची. ती अजून आहे की नाही, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आल्फोन्सनं पेट्रोलचा काटा बघितला आणि गाडी उजवीकडे घेतली.