एकदा वाजवण्यास परवानगी मिळण्याबाबत

विषय : लाँचच्या धक्क्यावरील ध्वनिफीत एकदा वाजवण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : तिकीटवालीच्या मुलीचा अर्ज, त्याचे स्मरणपत्र, आणि ते गहाळ झाल्यामुळे दिलेले दुसरे स्मरणपत्र.

उपरोक्त विषयातली ध्वनिफीत म्हणजे मीच. माझ्याबद्दल सगळ्यांचं लिहून झालं, तेव्हा दोन शब्द मीही बोलते.

मी प्लॅस्टिकची अरुंद पट्टी. माझा सगळा जीव अंगावरच्या तपकिरी लेपात. आयुष्यात मी एकच दिवस काम केलं. नदीवर पूल नव्हता आणि लाँच चालायची, तेव्हा धक्क्यावर एका माणसाने कॅमेरा लावला, दुसऱ्याने यंत्र मांडलं. चित्र फिल्मवर उतरलं, आवाज माझ्यावर. आम्ही दोघी जुळ्या बहिणी. त्यानंतर आम्हाला या सरकारी कार्यालयातल्या कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली हरवली. हे आमचं भाग्यच. किल्ली असती तर कुणीतरी आवराआवर केली असती.

पुढे कुणाला तरी सुचलं की जुनं शहर रस्त्यावर आणावं. कपाट फोडलं. धक्क्याच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. तिथल्या खांबावर एक चौकोनी खूण चिकटवली. तिच्यासमोर मोबाइल धरला की माझी बहीण दिसू लागते. गाड्यांच्या जागी पाणी, लाँच, घाईने चढणारी माणसं, आणि तोंडाशी हात धरून हाका मारणारी तिकीटवाली. पण बहीण जन्माची मुकी.

एक म्हातारी, नातू स्कूटर काढेपर्यंत, तिथे उभी होती. नातवाने गंमत म्हणून मोबाइल दाखवला, आणि तिने तो परत दिलाच नाही. तिकीटवाली तिची आई होती. आईचा एक फोटोसुद्धा तिच्याकडे नव्हता. ती विचारत विचारत कार्यालयातल्या आमच्या खोलीत पोचली.

"अरे दादा, त्याचा आवाज वाढव की जरा," ती तिथल्या तंत्रज्ञाला म्हणाली.

"मावशी, त्यात आवाजच नाही."

"नातूही हेच म्हणतो. मला वाटलं, माझे कान गेले म्हणून सगळे मिळून फसवताय."

तिचा एक कान बंद झालेला. दुसराही फार दिवस सोबत करणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तंत्रज्ञाने त्याच आठवड्यात मला शोधून काढलं. पण इतक्या वर्षांच्या दमटपणाने माझा लेप चिकट झाला होता. तशीच यंत्रावर चढवली तर लेप यंत्राला आणि पट्टी माझ्याकडे, अशी वाटणी झाली असती. यावर उपाय एकच. मंद आचेवर तासन्‌तास भाजायचं. मग काही आठवडे मी कोरडी राहते. तेवढ्यात वाजवून नक्कल घ्यायची. दुसरी भाजणी मला सोसणार नाही.

वाजवण्याची परवानगी अजून वरून यायची होती. पण आमच्या साहेबांना वार्षिक अहवालात 'पूर्वतयारी पूर्ण' असं लिहायचं होतं. त्यांनी मला भाजून घेतलं. पाहुणा कधी येणार ते ठाऊक नसताना चहा ओतून ठेवावा, तसा हा प्रकार.

मग मला फायलीसोबत साहेबांच्या टेबलावर नेलं. म्हातारी समोर बसली.

"फितीवरचा आवाज तुमच्या आईचाच कशावरून?"

"वाजवा. लगेच सांगते."

"वारसाच्या संमतीशिवाय वाजवता येत नाही."

"मग मी देते ना संमती."

"तो अधिकार तुम्हाला आवाजाची ओळख पटल्यावर मिळेल."

"काय म्हणालात?" तिने चांगला कान पुढे केला. साहेबांनी तेच मोठ्याने सांगितलं. मूर्खपणा दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावा लागला की सांगणाऱ्यालाही थोडा ऐकू येतो.

"आणि ओळख कशी पटायची?"

"ऐकून," साहेब म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं. "वर विचारावं लागेल. तुम्ही त्या वेळी धक्क्यावर होता?"

"रोज असायचे. शाळा सुटली की आईपाशीच. ढब्बी म्हणायची मला. ते लिहू नका हं, सुना वाचतील."

साहेबांनी लिहिलं नाही. न लिहिण्याची विनंती या कार्यालयात ताबडतोब मंजूर होते.

मी टेबलावर तडफडत होते. माझ्या शेवटाकडे, शेवटच्या लाँचची हाक देऊन झाल्यावर, तिकीटवाली दम खाते आणि ओरडते, "ए ढब्बे! पाण्यापासून लांब हो! तुला काढायला मी यायची का तिकिटं टाकून?" पोर चित्रात कुठेच नाही, ती फक्त माझ्यात आहे. पुरावा माझ्या पोटात, आणि यंत्राशिवाय मला तोंड नाही. आईने आपल्याला हाक मारलेली इथे पडून आहे, हे त्या बाईलाही ठाऊक नाही.

चोरून वाजवायचं तंत्रज्ञाच्या मनात आलं नाही असं नाही. साहेबांनी ते ओळखलं आणि यंत्रावर लाखेची मोहोर बसवली. इतक्या तातडीने झालेलं या कार्यालयातलं हे एकमेव काम.

म्हातारी अजून येते. काल आली तेव्हा तंत्रज्ञ तिच्या कानाशी वाकला.

"मावशी, अर्ज वर गेलाय."

"कुठे?"

"वर!"

"आई पण वरच गेलीय. तिलाच विचारा म्हणावं, आवाज तुझा का."

तो हसला नाही. तिला 'वर' हा एक शब्द दोनदा सांगावा लागला होता. ती गेल्यावर त्याने माझ्या कडेला बोट लावून पाहिलं. बोट किंचित चिकटलं.

वाचणाऱ्यांत कुणी 'वर' बसणारे असतील तर त्यांना हात जोडून विनंती, म्हणजे हात असते तर जोडले असते. मला जपू नका. जपून जपूनच माझी ही गत झाली. एकदा वाजवा, ती बाई समोर असताना. मग लेप गळून पडला तरी माझी तक्रार नाही.

आजची स्थिती : अर्ज संबंधित टेबलावर आहे. संबंधित अधिकारी रजेवर आहेत. निर्णय प्रलंबित.