पदू बसत का नाही

आण्णासाहेबांना दिसेल त्याचं कारण कळल्याशिवाय घास गोड लागायचा नाही. बैल डाव्या कुशीवरच का बसतो, आपल्या विहिरीच्या आधी शेजारची का आटते, दिव्याभोवती किडे का फिरतात, सगळ्याची चौकशी. "ह्यांनी लग्नात उपाध्यांना इचारलं हुतं, फेरे सातच का म्हणून," असं त्यांची बायको लक्ष्मीबाई येईल-जाईल त्याला सांगायची. खरं की खोटं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण गावाने ते केव्हाच खरं धरलं होतं.

आणि अशा माणसाच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, पाच दिवस एक कोडं पडून होतं. अडीच वर्षांचा नातू पदू पाच दिवसांत एकदाही शीला बसला नव्हता.

हसू नका. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना विचारा, अशा वेळी घराला दुसरं काही सुचतं का ते.

पाळण्यातलं नाव पद्मराज, पण एवढ्याशा पोराला ते पेलायचं कसं, म्हणून पदू. आजवर त्याचा हा कार्यक्रम आईच्या पायांवर व्हायचा. आण्णासाहेबांची सून चंदना घरामागच्या परड्यात दगडावर बसायची, पाय पुढे करून पावलं जुळवायची आणि पदूला त्या पावलांवर बसवायची. तो तिथे राजासारखा बसून कावळ्यांशी बोलायचा. पण चंदनाला आठवा महिना लागला आणि वाकून पोराला धरणं तिला होईना. लक्ष्मीबाईंचे गुडघे तर एकदा बसले की उठायचं नाव घेत नसत. तेव्हा ठरलं, पदू आता मोठा झाला, त्याने परड्यात आपला आपण बसायचं. पदूनेही मान डोलावली. पहिल्या सकाळी ऐटीत गेला, बसला, उठला आणि तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी परड्याचं दार दिसलं तरी रडायला लागला.

मग काय, बायका हात धुऊन त्याच्या मागे लागल्या. गरम पाणी झालं, दुधात तूप झालं, बेंबीभोवती एरंडेल झालं. लक्ष्मीबाईंनी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून आपला जुना इलाज केला. तेव्हापासून पानाचा डबा उघडला की पदू माजघरातून धूम ठोकायचा. मारुतीराव वैद्यांनी नाडी बघितली, पोट दाबलं आणि अंजीर मधातून द्यायला सांगितलं. लक्ष्मीबाईंनी कानांवर हात ठेवले.

"वैद्यबुवा, आमी जैन हाय. मध चालत न्हाय, अंजीर बी न्हाय, त्यात जीव असत्यात."

"मग मनुका द्या," वैद्य म्हणाले. "मनुकांनी तर तुमचं काय वाकडं केलं न्हाय न्हवं?"

मनुका भिजवून दिल्या. पदूने त्या आवडीने खाल्ल्या आणि आणखी मागितल्या. बाहेर मात्र काही आलं नाही.

चंदनाचा नवरा बेळगावला कचेरीत कारकून होता. पाचव्या दिवशी त्याचा निरोप आला. उद्या सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पोराला घेऊन या, कॅम्पात एक डॉक्टर आहे, तो रबरी नळीने पोट साफ करतो. पदू आईला सोडून हलणार नव्हता. म्हणजे आठव्या महिन्यातल्या बाईने पंचेचाळीस मैल त्या खडखडाटात जायचं. लक्ष्मीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"वाटंत काय झालं म्हंजे?" एवढंच त्या म्हणाल्या.

"आजचा दिस द्या मला," आण्णासाहेब म्हणाले. "हे पोरगं बसत का न्हाय, ते मी बघतो."

"बघून काय हुणार?"

"कारण कळंल."

"कारण घिऊन काय चाटायचं हाय?"

पण आण्णासाहेब ऐकतात होय! त्या दिवशी ते शेताकडे गेलेच नाहीत. भिंतीला टेकून बसले आणि नातवावर डोळा ठेवला. पदू कणसाची गाडी करून ओढत होता, मांजराला हाका मारत होता, मध्येच पोटावर हात ठेवत होता. दुपारच्या सुमाराला त्याने गाडी टाकली आणि तो गुपचूप कणगीच्या मागे गेला. कणगीला धरून चवड्यांवर उभा राहिला, पायांची अढी घातली आणि लालबुंद झाला.

"बघा की वो," लक्ष्मीबाई हळहळल्या. "कसं कुंथतंय लेकरू. येतच न्हाय त्याला."

आण्णासाहेब गुडघ्यांवर रांगत कणगीच्या बाजूला गेले. खालून बघितलं, बाजूने बघितलं. मग एकदम उठून बसले.

"अगं, कुंथत न्हाय हे! धरतंय!"

"काय धरतंय?"

"आपली म्हैस पान्हा चोरती का न्हाय? तसं हे पोरगं शी चोरतंय. यायला लागली की आवळून धरतंय. म्हणून पाय असं एकावर एक."

म्हातारा इतका खूश झाला की बायकोला टाळी द्यायला हात पुढे केला. लक्ष्मीबाईंनी टाळी दिली नाही. "आणि का चोरतंय?" त्यांनी विचारलं. आण्णासाहेबांचा हात तसाच राहिला. खरंच की. अर्धंच कोडं सुटलं होतं.

त्यांनी पदूला उचललं, "आज्जासंगट चल" म्हणत परड्यात नेलं आणि स्वतः चार हात लांब उभे राहिले. पदू बसला. दोन पायांमध्ये वाकून खाली बघितलं आणि उठला. दोन पावलं सरकून बसला, वाकून बघितलं, उठला. मग शेवग्याखाली. तिथेही तेच. आण्णासाहेब जवळ गेले, धोतर सावरून त्याच्याएवढे झाले आणि तो बघत होता तिथे बघायला लागले.

"काय बघतुयास रं?"

"मुंगी," पदू म्हणाला.

होती खरी. एक नव्हे, रांगच होती. पडलेल्या शेंगेपासून कुंपणापर्यंत काळ्या मुंग्यांची लगबग चालली होती.

"असू दे की. तुला चावलीया?"

पदूने नाही म्हणून मान हलवली. "शू केली. मुंगी बुडली." मग ओठ काढून म्हणाला, "शी केली की मरंल."

आण्णासाहेबांना आपलेच शब्द आठवले.

दोन महिन्यांपूर्वी गावच्या बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, एक मुनीमहाराज आले होते. सगळं गाव लोटलं होतं. आण्णासाहेब नातवाला खांद्यावर घेऊन पुढे उभे. महाराजांनी मोरपिसांची पिंछी जमिनीवरून हळूच फिरवली आणि मगच ते बसले. तेव्हा आण्णासाहेबांनी पदूच्या कानात सांगितलं होतं, "बघ हं, खाली मुंगी असंल तर मरंल न्हवं? म्हणून आधी बघायचं, मग बसायचं." त्या दिवसापासून पदू अंगणातून मुंग्यांना वळसा घालून चालायला लागला. आण्णासाहेबांची छाती फुगली. बस्तीच्या पायरीवर बसून त्यांनी ही गोष्ट कुणाकुणाला सांगितली नाही? "अडीच वर्साचं पोरगं, पर धर्म कसा अंगात मुरलाय बघा!"

मुरला होता. पाच दिवसांच्या शीसकट पोटात मुरला होता. आणि तो घातला होता खुद्द आज्जाने. म्हाताऱ्याला भारी शरम वाटली.

घरात येऊन त्यांनी सगळं सांगितलं. हसावं की रडावं, लक्ष्मीबाईंनाच कळेना. चंदना मात्र दाराआडून पुढे आली. चार वर्षांत ती सासऱ्याशी समोरासमोर बोलली नव्हती, जे काय असेल ते सासूच्या तोंडून. आज पदर डोक्यावर ठेवून सरळ म्हणाली, "मामा, पाया पडते तुमच्या. तुमचंच ऐकतंय ते. सांगा त्याला, मुंगी मेली तर मरू दे म्हणावं."

आण्णासाहेब पदूजवळ गेले. "पदू," म्हणाले, "हे बघ, मुंगी..." पदू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आज्जा सांगेल ते खरं, असे ते डोळे. ज्या तोंडाने बघ म्हणून शिकवलं, त्याच तोंडाने बघू नको कसं सांगायचं? आणि न सांगावं, तर ही पोटुशी पोर उद्या मोटारीत. त्यांना स्वतःचा असा राग आला की काय सांगू.

"जमत न्हाय मला," ते सुनेला म्हणाले. "दुसरं काय तरी करतो."

त्यांनी परड्यात हळदीची रेघ ओढून गोल केला, म्हणजे मुंगी आत येणार नाही. पदूने गोलात वाकून बघितलं आणि बोट दाखवलं. "ही आत हाय. ही घरला कशी जाणार?" तेही खरंच होतं. आण्णासाहेबांनी हळद पुसली आणि पूर्वी शेतात सापडलेली मोरपिसं एकत्र बांधून आणली. पदूने ती हातात घेऊन हळूहळू परडं झाडायला घेतलं. फार रंगला बुवा. पण इकडची मुंगी तिकडे सरे आणि तिकडची इकडे येई. दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची म्हणून लक्ष्मीबाईंनी हाक मारली, तेव्हा पदूने ताटाकडे बघितलंही नाही. पोट नगाऱ्यागत लागत होतं. चंदनाने गाठोडं बांधायला घेतलं.

आण्णासाहेब अंथरुणावर पडले तरी डोक्यात एकच. दोन महिने झाले महाराजांना येऊन गेल्याला, आणि पोरगं बसायचं थांबलं पाच दिवसांपूर्वी. मधले दिवस कसं बसत होतं? कसं?

सकाळी उजाडताच ते परड्यात गेले आणि चंदनाचा तो दगड दिसला. दगड रिकामा होता. आण्णासाहेबांनी कपाळावर हात मारला.

"अगं ए, पोराला आण!" ते ओरडले. "त्याच्या बुडाखाली जमीन नव्हतीच की! आईचं पाय हुतं! मुंगी येणार कुठनं?"

लक्ष्मीबाई पदूला घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. नवरा दगडावर बसून धोतर मांडीपर्यंत ओढत होता. "अवो, बाप्या माणसानं पोराला पायावर घ्यायचं? तीन पोरं झाली, एकाला तरी घेतलंसा?"

"न्हाय घेतलं. आता घेतो. आण हिकडं."

त्यांनी टाचा टेकायच्या जागी मोरपिसं फिरवली, पदूलाही नीट बघू दिलं, मग पावलं जुळवली. "बस. तुझ्याखाली आज्जाचं पाय हायत. मुंगी आज्जा बघंल."

पदूने आईच्या पायांपेक्षा दुप्पट मोठी ती पावलं निरखून बघितली आणि बसला. वाकला नाही, उठलाही नाही.

आता इथे एक चूक झाली होती. घाईघाईत आण्णासाहेबांनी टाचांखालचं बघितलं, आपल्या बुडाखालचा दगड बघितलाच नाही. त्या दगडाच्या फटीत तांबड्या मुंग्या होत्या. पहिली चावली तेव्हा ते नुसते दचकले, तर पदूने लगेच गुडघा धरून उठायला घेतलं. "आज्जा, हलू नको."

"न्हाय हलत," आण्णासाहेब म्हणाले.

दुसरी चावली. मग तिसरी, मग किती ते कुणी मोजावं! डोळ्यांतून पाणी यायला लागलं. णमोकार मंत्र ओठांवर आला होता, पण ही त्याची जागा नव्हे म्हणून तो गिळला. पाय दगडासारखे ठेवले.

"दुखतंय," पदू कण्हला.

"दुखंल थोडं. धरू नको, सोडून दे. माझा गुडघा दाब, लई जोरात दाब."

पदूने दोन्ही मुठींनी गुडघा आवळला. केवढ्यांदा ओरडला! लक्ष्मीबाई धावल्या, आणि मध्येच थबकल्या. वास आला होता. सहा दिवसांचं सगळं आण्णासाहेबांच्या पावलांवर, धोतरावर, जिथे तिथे. पदू घामाघूम होऊन गुडघ्यावर डोकं टेकून पडला होता, आणि आण्णासाहेब रडता रडता हसत होते.

चावडीपाशी मोटारीचा भोंगा वाजला. चंदना गाठोडं घेऊन परड्याच्या दारात आली.

पदू उठला आणि आधी मागे वळून बघितलं. "मुंगी?"

"तुझ्याखाली एक बी न्हाय," आण्णासाहेब म्हणाले आणि चोळत चोळत उभे राहिले. ते उठले तसा दगड उघडा पडला. दोन तांबड्या मुंग्या चेंगरून चिकटल्या होत्या.

पदूचा ओठ थरथरला. आण्णासाहेबांना धोतराचा सोगा त्या मुंग्यांवर टाकता आला असता. चंदनाच्या हातात गाठोडं तसंच होतं. पोर आता परत आखडलं, तर मोटार उभीच होती.

"ह्या माझ्याखाली मेल्या," आण्णासाहेब म्हणाले. "मी बसताना बघितलं न्हाय. चुकलं माझं."

पदू दगडाकडे बघत राहिला. मग त्याने पडलेली मोरपिसं उचलली, दगडावरून हळूच फिरवली आणि आज्जाच्या हातात दिली.

"उद्या बघून बस, आज्जा."

भोंगा परत वाजला. चंदनाने गाठोडं खाली ठेवलं आणि मोटारवाल्याला जा म्हणून सांगायला सासूला पाठवलं.